वावर कुणी खाल्लं?

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे धोंडीराम मामांना, उभ्या आयुष्यात एकच प्रश्न पडला आणि तो त्यांनी भेटेल त्याला विचारला: आपलं वावर कुणी खाल्लं? त्यांना उत्तर मिळालं की नाही, ते मला आजही धड सांगता येत नाही. मिळालं तेव्हा ते त्यांना पटेना, आणि पटलं तोवर प्रश्नच फिरला होता. एवढं मात्र खरं की या एका प्रश्नापायी माझी जेवढी पायपीट झाली, तेवढी विहिरीचं पाणी भरण्यापायीसुद्धा झाली नसेल.

मी ओझरची. वडील विमानाच्या कारखान्यात कामाला, राहायला वसाहतीत. बांध म्हणजे काय ते मला लग्नाआधी ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर मी वडिलांना स्पष्ट सांगितलं असतं, की मला बांध नसलेल्या घरात द्या. पण मुलगा त्यांच्याच कारखान्यात रोजंदारीवर येणारा, आपल्यातलाच, निर्व्यसनी. घरात बुद्धाची तसबीर, शिवाय थोडी शेती. वडिलांना आणखी काय पाहिजे? त्र्याहत्तर साली मी खडकदऱ्याला सून म्हणून आले. बहात्तरचा मोठा दुष्काळ नुकताच सरला होता.

आठवडाही झाला नसेल, सासूबाई, मालन आत्याबाई, मला वावर दाखवायला घेऊन गेल्या. वावराच्या कडेला हद्दीच्या दगडाशी मामा उकिडवे बसले होते, हातात एक काळपट चऱ्हाट. नव्या सुनेची विचारपूस वगैरे काही नाही. दोराचं एक टोक माझ्या हातात देऊन म्हणाले, "हे धर आन सरळ चालत जा. संपलं का सांग."

मी नवी साडी सावरत निघाले. चालता चालता पुढची जमीनच संपली. समोर पाण्यानं कापलेली ओघळ होती, गुडघाभर खोल, आणि पलीकडे दुसऱ्याचं वावर.

"वावर संपलं," मी ओरडले.

"आन दोर?"

"दोर ढिलाच आहे अजून."

"बघितलं?" मामा आत्याबाईंना म्हणाले. मी या घरात साक्षीदार म्हणूनच आले होते जणू. "औंदा आजून कमी भरलं. खाल्लं त्यानं."

'त्यानं' म्हणजे सहादूकाकांनी, मामांच्या पाठच्या भावानं. ओघळीपलीकडचं वावर त्यांचं. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, आणि कधीपासून बोलत नव्हते यावरही त्यांचं एकमत नव्हतं.

हे सगळं कळायला आधी वाटणी कळली पाहिजे. आमचं वावर म्हणजे जुन्या वतनातली हाडकी, गावकीच्या कामापोटी मिळालेली. डोंगराचा उतार, वरच्या अंगाला निव्वळ मुरूम आणि खाली जरा बरी माती. मामांचे वडील, थोरले बाबा, वारले तेव्हा दोन भावांनी विचार केला, की आडवी वाटणी केली तर एकाला मुरूम आणि एकाला माती. म्हणून वावर उभं चिरलं. दोघांना वरचे दगडही आणि खालची मातीही. वावराच्या रुंदीएवढा एक दोर घेतला, दुमडून मधोमध कापला आणि अर्धा अर्धा दोघांनी ठेवून घेतला, उद्या शंका आलीच तर मोजायला. मधे उभा बांध घातला, डोंगराकडून खाली नाल्याकडे, सुतात सरळ. याहून चोख न्याय कोर्टानंही केला नसता. आता उतारावर उभा बांध आणि बांधाला धरून उभी नांगरट, म्हणजे पाण्याला घसरगुंडीच करून दिलेली. पण न्याय करताना पाण्याला कोण विचारतो?

आणि मग सुरू झालं ते बांध कोरणं. हे शेतकऱ्याला सांगायला नको, पण मला वसाहतीतल्या पोरीला ते कळायला वेळ लागला. नांगर बांधाजवळून नेताना फाळ जरासा बांधाकडे दाबायचा. जरासाच. तास म्हणजे नांगराची एक रेघ, आणि वर्षाला अर्ध्या-पाऊण तासाचीच जमीन घ्यायची. त्याला चोरी म्हणत नाहीत, हात मारणं म्हणतात. मामा इकडून हात मारायचे, काका तिकडून, आणि दोघेही दुसरा किती मारतो यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचे. बांध झिजून झिजून पापडाएवढा झाला, एका पावसात वाहून गेला, आणि बांध होता तिथे ओघळ पडली. मग दर पावसाळ्यात ती दोन्ही बाजूंनी रुंदावत गेली. मामांच्या लेखी ती काकांच्या हद्दीत होती, काकांच्या लेखी मामांच्या. आपल्या वावरात ओघळ आहे असं कोण म्हणेल?

त्यामुळे घोटाळा असा की मामांचं वावर कमी भरायचं, आणि काकांचंही कमी भरायचं.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात पंच बोलावले. पंचांनी आधी मामांच्या दगडापासून ओघळीपर्यंत दोर धरला. कमी. मग सगळे ओघळ उतरून पलीकडे गेले, काकांच्या दगडापासून ओघळीपर्यंत त्यांचा दोर धरला. कमी. पंच एकमेकांकडे बघायला लागले. एक म्हणाला, "दोघांचं कमी, मंग गेलं कुठं?" दुसरा म्हणाला, दोर जुने आहेत, भिजून आकसले असतील. दोर आकसला तर वावर जास्त भरायला पाहिजे, कमी कसं? माझ्या मनात आलं, पण नव्या सुनेनं पंचांत बोलायचं नसतं. तिसरा म्हणाला, चहा सांगा. चहा पिऊन पंच गेले. पंच ज्या ओघळीतून दोनदा चढले-उतरले, ती कुणाच्याच हिशेबात नव्हती.

त्या दिवसानंतर मामा जास्तच गोंधळले. आधी त्यांना खात्री होती की सहादूनं खाल्लं. आता सहादूचंही कमी. मग सहादूचं कुणी खाल्लं? "आपन खाल्लं का गं?" असं त्यांनी आत्याबाईंना विचारलेलं मी ऐकलं.

"तुमी खाल्लं आसतं तर आपलं वाढलं नसतं का?" आत्याबाई म्हणाल्या.

"तेच म्हन्तो मी."

 मला हसूही येत होतं आणि राग तर इतका येत होता की काय सांगू. कारण इकडे हे दोर ओढत बसलेले आणि तिकडे दर पावसात माती नाल्याला जात होती. बाजरी वीतभर वाढून पिवळी पडायची. वर मुरूम उघडा पडत खाली खाली सरकत होता. माझे मालक म्हणायला लागले होते की आता शेती पुरे, ओझरलाच खोली घेऊ. मामा म्हणायचे, आधी कुणी खाल्लं ते कळू द्या, मग जाऊ.

शहात्तर साली मृदसंधारणाचे आहेर साहेब आले. देवळ्याकडचे, कांदा पिकवणाऱ्या घरातले, बोलायला साधे. रोजगार हमीतून गावाच्या उतारावर ताल घालायचे होते. ताल म्हणजे बांधच, पण आडवा. आमच्या आणि काकांच्या वावरातून सलग जाणारा. आहेरांनी दुर्बीण लावून खुणा केल्या आणि माणसांनी त्या खुणांवरून चुन्याची फक्की टाकली. मामा मागे मागे फिरत होते.

"साहेब, हा बांध कुनाच्या मधला?"

"कुणाच्या मधला नाही बाबा. तुमच्याच वावरात. पाणी अडवायला."

"म्हंजे इकडं बी मीच आन तिकडं बी मीच?"

"हो."

"मंग भांडायचं कुनाशी?"

आहेर हसले. त्यांना वाटलं मामा थट्टा करताहेत. मामा अजिबात थट्टा करत नव्हते. उभ्या जन्मात त्यांनी बांध पाहिला तो दोन माणसांमधला. एकाच माणसाला मधोमध तोडणारा बांध त्यांच्या डोक्यात शिरेना.

आहेरांनी त्यांना ओघळीच्या काठावर नेलं. म्हणाले, "बाबा, तुमचं वावर कुणी भावानं खाल्लेलं नाही. पाण्यानं खाल्लंय. ही बघा त्याची वाट."

"पानी कसं खाईल?" मामा म्हणाले. "पान्याच्या नावावर काय सातबारा हाय का?"

आहेर साहेबांनी दुर्बीण खांद्यावर घेतली. ते दुसऱ्या गटावर गेले.

फक्कीची रेघ वाकडी होती. जमीन जिथे खोलगट तिथे वर चढलेली, जिथे फुगीर तिथे खाली उतरलेली, म्हशीच्या वाटेसारखी. आहेरांनी सांगितलं होतं की रेघ वाकडी दिसली तरी पातळी एक आहे, रेघ हलवायची नाही. सगळ्यांनी ऐकलं. मामांनीही ऐकलं. पण ज्या माणसाचं आयुष्य बांध सुतात आहे की नाही ते बघण्यात गेलं, त्याला वाकडा बांध कसा सहन व्हावा? वाकडा बांध म्हणजे कुणीतरी कोरलेला, हे त्यांना आईच्या दुधाबरोबर शिकवलेलं.

दुसऱ्या दिवशी मजूर यायच्या आत मामांनी दोन खुंट्या ठोकल्या, दोर ताणला, आमच्या हद्दीतली फक्की पायानं पुसली आणि सुतात नवी रेघ मारली. मी भाकरी घेऊन गेले तेव्हा ते कंबरेवर हात ठेवून रेघेकडे बघत होते. इतके समाधानी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"मामा, हे काय केलं?"

"सरळ केलं. साहेब भला मानूस हाय, पन नजर तिरपी हाय त्याची."

"त्यांनी हलवू नका सांगितलं होतं."

"अगं, वाकडा बांध घातला तर लोक काय म्हनतील? धोंडीरामानं सवताचाच बांध कोरला!"

आहेर त्या आठवड्यात दुसऱ्या गावी होते. मजुरांनी दिसली त्या रेघेवर माती टाकली. तिकडे सहादूकाका मुळातच आळशी, त्यांनी काही हलवलं नाही, त्यांचा ताल फक्कीवर जसा होता तसा वाकडातिकडा झाला. मामा आपल्या सरळ तालावर उभे राहून पलीकडे बघायचे आणि म्हणायचे, "बघ, हातानं घातलेला बांध बी त्याला सरळ जमत नाय."

जुलैत दोन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वावरात गेलो तर मामांच्या तालामागे पाणी साठलेलं, पण सगळीकडे सारखं नाही. कडेला तळवे भिजतील एवढं आणि खोलगट भागात मांडीएवढं. बांध सरळ होता, जमीन नव्हती. आमच्या डोळ्यांदेखत खोलगट जागचा बांध आधी पाझरला, मग फुगला आणि बसकन मारून खाली बसला. सगळं पाणी माती घेऊन ओघळीत उतरलं. ओघळ कमरेइतकी खोल झाली आणि जाता जाता काकांच्या तालाचं टोकही तिनं तोडून नेलं.

पलीकडे सहादूकाका आणि त्यांची बायको पुतळाबाई येऊन उभे राहिले होते. एरवी अशा वेळी पुतळाबाईंचा आवाज नाशिकपर्यंत गेला असता. त्या दिवशी त्या नुसत्या बघत राहिल्या. काकांचा वाकडा ताल, टोक सोडलं तर, जागेवर होता आणि त्याच्या मागे पाणी एकसारखं, ताटात वाढल्यासारखं उभं होतं.

मामा चिखलात उभे होते. मी रागानं बोलले, "घ्या, झालं समाधान? आता तरी कळलं का कुणी खाल्लं?"

सासऱ्याला असं बोलायचं नसतं. पण मी बोलले आणि आत्याबाईंनीही मला थांबवलं नाही. मामांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बाजारात हात सुटलेल्या पोराचा असतो तसा चेहरा झाला होता. म्हणाले, "सरळच घातला व्हता गं."

पुढच्या उन्हाळ्यात आहेर पुन्हा आले. फुटलेला ताल बघून ते एवढंच म्हणाले की या वेळी काकांच्या तालाचं टोक धरून तीच पातळी इकडे आणायची. आणि ओघळीत मातीचा बांध टिकणार नाही, तिथे दगड रचायचे. "पण ओघळीत काम करायला मालकाची संमती लागेल. ओघळ कुणाच्या हद्दीत आहे?"

"त्याच्या," मामा म्हणाले.

"त्याच्या," पलीकडून काका म्हणाले.

"मोजा मग."

आता आधी कोणी मोजायचं यावर अडलं. पंचांच्या वेळी मामांचं आधी मोजलं होतं, म्हणून काका म्हणाले माझं आधी. मामा म्हणाले, मी थोरला. पण हे सगळं एकमेकांशी न बोलता, माझ्यामार्फत. मी ओघळीत दगड गोळा करत होते, दोन्ही बाजूंना ऐकू येत होतं, तरी मामा म्हणायचे, "सुमन, त्याला म्हनावं थांब." आणि काका म्हणायचे, "सूनबाई, त्याला म्हनावं मी नाय थांबत." मी दगड खाली टाकला आणि म्हणाले, "दोघंही एकदमच धरा. माझं डोकं नका खाऊ."

खरं सांगते, त्यात माझी काही हुशारी नव्हती. मी वैतागले होते. दोघांनी हट्टानं एकदमच दोर धरले. मामांच्या दगडाशी आत्याबाई, काकांच्या दगडाशी पुतळाबाई, आणि दोन्ही भाऊ आपापल्या दोराचं टोक घेऊन ओघळीकडे चालत आले. दोघेही काठावर थांबले. दोघांच्याही हातात दोर उरलेला. नेहमीसारखाच. दोघांनी उरलेला दोर समोर लोंबता सोडला, मला दाखवायला, की बघ किती खाल्लं.

दोन्ही टोकं माझ्या डोक्यावर समोरासमोर आली. मी हात वर केले, एका हातात एक टोक धरलं आणि दुसऱ्या हातात दुसरं, आणि ताणलं. टोकाला टोक लागलं. मधे बोटाचंही अंतर नाही. जिथे लागलं तिथे वर आभाळ आणि खाली ओघळ.

  मला वाटतं पहिल्यांदा काकांना उमगलं, कारण ते मटकन खाली बसले. मामा मात्र दोराकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग ओघळीकडे. म्हणाले, "म्हंजे निम्मी ओघळ माझी?"

"हो मामा."

"आन निम्मी त्याची?"

"हो."

"मंग खाल्लं कुनी?"

आता काय सांगायचं या माणसाला! पालथ्या घड्यावर पाणी, असंच मला वाटलं. पण काका बसल्या जागेवरून बोलले, आणि माझ्यामार्फत नाही. "दादा," ते म्हणाले, "दोघांनी बांध खाल्ला आन बांध गेल्यावर वावर पान्यानं खाल्लं."

मामांनी काकांकडे मान वळवली. "तू किती खाल्ला?"

"तुझ्याएवढाच."

"मंग बरोबर हाय," मामा म्हणाले, आणि दोन्ही टोकांची गाठ मारायला ते ओघळीत उतरले. का मारली ते त्यांनाच ठाऊक. दगड रचताना ओळ धरायला दोर लागणारच होता म्हणा. पावसापाण्यानं ती गाठ नंतर अशी घट्ट बसली की सुटलीच नाही. दोर आमच्या पडवीत खुंटीवर राहिला आणि लागेल तेव्हा काका नेऊ लागले.

त्या उन्हाळ्यात ताल वाकडाच घातला. तीन काठ्यांचा त्रिकोण आणि मधे गवंड्याचा ओळंबा, तो सांगेल तिथे खुंटी. मामा ओळंब्याकडे संशयानं बघायचे, पण खुंटी हलवली नाही. ओघळीत थराथरानं दगडी बांध रचले, खालून वर, दोघा भावांनी आणि दोघांच्या बायकांनी. पुतळाबाई आणि आत्याबाई पहिले दोन दिवस तोंड फिरवून दगड देत होत्या, तिसऱ्या दिवशी तंबाखू देऊ लागल्या.

मामांचा गोंधळ काही एकदम गेला नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. आता नांगरट आडवी, तालाला धरून करायची होती. बैलांना उभ्याची सवय, ते वळणावर उभे राहायचे आणि मामांकडे बघायचे. मामा त्यांना म्हणायचे, "मला काय इचारता?" आणि पहिल्याच वर्षी मी काय पाहिलं? मामा तालाजवळून नांगर नेताना फाळ हळूच तालाकडे दाबताहेत! आत्याबाई बांधावरून ओरडल्या, "अवो, कुनाचं खाता? दोन्हीकडं तुमीच हायेत!" मामा दचकले. नांगर थांबवून त्यांनी तालाच्या अलीकडे बघितलं, पलीकडे बघितलं. मग खाली वाकून कोरलेली माती हातानं परत तालावर थापली.

दोन-तीन वर्षांत फरक दिसायला लागला. तालामागे माती थांबली. मुरूम खाली सरकायचा थांबला. विहिरीत उन्हाळ्यातही बादली बुडायला लागली. बाजरी कंबरेला लागली, खालच्या अंगाला गहू झाला. ओझरला खोली घ्यायचं माझ्या मालकांनी बोलायचं सोडलं. आणि ओघळीतल्या दगडांमागे गाळ साठत साठत ब्याऐंशीच्या सुमारास ओघळ भरून सपाट झाली. दोन्ही वावरांच्या मधोमध काळ्याभोर मातीचा एक पट्टा तयार झाला. आख्ख्या हाडकीत तशी माती कुठे नव्हती.

आणि मग पुन्हा घोटाळा. हा पट्टा कुणी पेरायचा?

निम्मा निम्मा, हे सरळ होतं. दोर होता, गाठ होती. पण जी माणसं बोटभर मातीसाठी इतकी वर्षं बोलली नव्हती, त्यांना आता ती उचलायला हात होईना. मामा नांगरत मधे आले की आधीच वळायचे. म्हणायचे, चुकून त्याच्यात जायला नको. काका तिकडून तसेच आधी वळायचे. "तू घे ना दादा." "नाय, तूच घे." मधला पट्टा गवताचा राहिला. आधी खाऊन जमीन पडीक पाडली, आता सोडून पडीक पाडली. मी डोक्याला हात लावला. पण दोघे भाऊ त्या गवतात सकाळी बसून बिड्या ओढायचे, एकमेकांची काडी एकमेकांना द्यायचे. असू दे म्हटलं, तेवढंच पीक आलं.

पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात सहादूकाका गेले. छातीत कळ आली म्हणाले आणि नाशिकला नेईपर्यंत संपलं. मामा रडले नाहीत. पण त्यानंतर नांगरताना ते दरवर्षी जरा आणखी अलीकडे वळायला लागले. एक तास सोडला, पुढच्या वर्षी आणखी एक. ज्या हातानं तासातासानं घेतलं त्याच हातानं सोडणं चाललं होतं. मी एकदा म्हणाले, "मामा, आपलं सोडताय तुम्ही." ते म्हणाले, "त्याचं मानूस नाय आता राखायला. जपून चालावं लागतं."

अठ्ठ्याऐंशीत त्यांची नजर गेल्यात जमा होती, आणि कालचं आजचं एकमेकांत मिसळायला लागलं होतं. आत्याबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या. औत आता माझे मालक सुट्टीच्या दिवशी धरायचे, पण मामांनी सोडलेल्या जागेवर तेही नांगर घालत नव्हते. एका सकाळी मामांनी खुंटीवरचा दोर काढून घेतला आणि मला म्हणाले, "चल."

हद्दीच्या दगडाशी ते तसेच उकिडवे बसले. "गाठ धर आन सरळ जा. वावर कुठं संपतं ते सांग."

मी चालत गेले. दोन-चार केस पांढरे झालेली मी, पण क्षणभर मला त्या पहिल्या दिवसाची नवी साडी आठवली. नांगरलेली जमीन संपली, पुढे गवत. दोर ढिला होता, चांगलाच ढिला. गाठीपलीकडचा काकांचा दोर माझ्यामागे ढेकळांतून फरफटत आला होता.

"संपलं?" मामांनी विचारलं.

"संपलं."

"आन दोर?"

 उरला म्हटलं तर पुन्हा तोच प्रश्न, आणि या वेळी नाव घ्यायला भाऊसुद्धा नाही. मामांनी मान वर करून पलीकडे बघितलं, काकांच्या दगडाच्या दिशेनं. "पलीकडचं टोक कुनी धरलंय? सहादू आलाय का? त्याला म्हनावं तान जरा."

 मी उरलेला दोर, गाठ आणि सगळं, मुठीत गोळा केलं, पदराखाली घेतलं आणि ताणून धरलं.

"बरोबर भरलं मामा," मी म्हणाले. "पुरं भरलं."

"पुरं?"

"पुरं."

त्यांनी आपल्या टोकाला दोर हातानं चाचपला. ताठ लागला. वाटलं आता तरी चेहरा खुलेल, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा वावर पुरं भरलं होतं. पण त्यांच्या कपाळावरची आठी गेली नाही, उलट वाढली. 

"मंग सहादूचं कमी भरलं आसंल," ते म्हणाले. "माग सर, पोरी."

मी एक पाऊल मागे, आमच्या वावरात सरले. हातातला दोर ढिला पडला.

"आजून सर," मामा म्हणाले.